बारा खिळ्यांची आकृती

"हात द्या, सर."

त्यांनी हात दिला नाही. टेबलाच्या पलीकडे खुर्ची जराशी मागे सरकल्याचा आवाज तेवढा आला. मी ब्रेलचा कागद त्यांच्या बाजूला ढकलला आणि वाट पाहत बसले. व्हरांड्यात मुली प्रार्थनेनंतरच्या रांगा मोडून वर्गाकडे निघाल्या होत्या.

"तुझं वय काय?" त्यांनी विचारलं.

"एकोणीस."

"मी सव्वीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवलं. आता तू मला अ आ ई शिकवणार."

"तुम्हाला नको असेल तर नाही शिकवणार," मी म्हटलं. "पण लोखंडे बाईंनी एक तासाची वेळ दिलीय. तेवढा वेळ बसावं लागेल दोघांनाही."

यावर ते थोडंसं हसल्यासारखे झाले असावेत. नुसताच श्वास नाकातून जोरात सुटला.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालच्या ऑगस्टची, अमरावतीची. मी अंध मुलींच्या निवासी शाळेत लहानाची मोठी झाले. डोळे तिसऱ्या वर्षी देवी आल्या तेव्हाच गेले, त्यामुळे गेल्याचं दुःख मला कधी नीट कळलंच नाही. बारावीला मी लेखनिक घेऊन गणिताचा पेपर दिला, चांगले मार्क पडले. पुढे बी.ए.ला गणित घ्यायचं होतं. कॉलेजच्या प्राचार्यांनी अर्ज परत पाठवला. आलेख आणि आकृत्या अंध विद्यार्थिनीला जमणार नाहीत, मराठी साहित्य घ्यावं, असा निरोप दिला. मी मराठी साहित्य घेतलं नाही. वर्षभर शाळेतच लहान मुलींना पाढे शिकवत राहिले, आणि मुख्याध्यापिका लोखंडे बाईंनी डबीर सरांना माझ्याकडे सोपवलं.

गजानन डबीर एक्कावन्न वर्षांचे होते. काचबिंदूनं उजवा डोळा गेला होता आणि डाव्यात नळीतून बघावं एवढंच उरलं होतं. तेही सहा महिन्यांत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नोकरी सोडली होती. त्यांच्या पत्नी, कमलिनीबाई, त्यांना सायकल-रिक्षातून घेऊन यायच्या आणि तासभर बाहेर बाकावर बसायच्या.

पहिले आठ दिवस त्यांनी बोट कागदाला लावलं नाही. एके दिवशी मात्र त्यांचा हात माझ्या टेबलावरच्या टेलर फ्रेमला लागला. अंध शाळांत बेरजा-वजाबाक्या करायची ती पाटी असते. ओळीनं शेकडो भोकं, आणि त्यांत रोवायचे शिशाचे छोटे चौकोनी खिळे. सर बराच वेळ त्या भोकांवरून बोटं फिरवत राहिले.

"चौकटींचा कागदच आहे हा," ते म्हणाले.

"गणिताचा आहे."

"एक खेळ सांगतो. बघ जमतो का तुला."

त्यांनी तो खेळ दहा वर्षांपूर्वी एका इंग्रजी मासिकात वाचला होता. प्रत्येक भोक म्हणजे एक घर. घराला आठ शेजारी, चार बाजूंचे आणि चार कोपऱ्यांचे. खिळा असेल तर घरात कोणी राहतं, नसेल तर रिकामं. राहणाऱ्याला दोन किंवा तीन शेजारी असले तर तो टिकतो. कमी असले तर एकटेपणानं मरतो, जास्त असले तर गर्दीनं. आणि रिकाम्या घराला नेमके तीन शेजारी असले तर तिथं नवा जन्मतो. एवढेच नियम. यातून काय काय होतं ते आपण नुसतं बघायचं.

मी तीन खिळे एका ओळीत रोवले आणि पुढची पिढी करायला घेतली. दोन्ही टोकांचे मेले, ते काढले. मग मधल्याच्या वरचं घर तपासलं, तर तिथं तीन शेजारी उरलेच नव्हते. मी गोंधळले.

"तिथंच अडतं," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात एक कडवट समाधान होतं. "सगळी घरं एकाच क्षणी बदलतात. डोळ्याला सगळा पट एकदम दिसतो. तुझं बोट एकेका घरी जातं, आणि दुसऱ्या घरी पोचेस्तोवर पहिल्याचं जुनं रूप गेलेलं असतं. बोटानं नाही होत हे. मला तेच तुला सांगायचं होतं."

त्या दिवशी ते तास संपायच्या आधीच उठले.

मला राग आला होता, आणि राग आला की मला झोप लागत नाही. पुढचे दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी ती फ्रेम घेऊन बसले. चार खिळ्यांचा चौकोन केला. प्रत्येकाला तीन शेजारी, म्हणजे चारही टिकतात. भोवतालचं एकेक रिकामं घर तपासलं. कुठंच तीन नव्हते. म्हणजे काही मरत नव्हतं, काही जन्मत नव्हतं. मी पुन्हा तपासलं, शेवटून तपासलं. मला हवा तितका वेळ घेतला तरी तो चौकोन तसाच होता.

"सर," ते आल्या आल्या मी म्हटलं, "ज्या बदलत नाहीत त्या मला वाचता येतात. माझं बोट फिरेपर्यंत त्या थांबतात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्यासमोर स्वतःचा हात ठेवला.

"माझ्याकडे एक वही आहे," ते म्हणाले.

त्या वहीत त्यांनी दहा वर्षं फक्त स्थिर आकृत्या गोळा केल्या होत्या. चार खिळ्यांच्या दोन, पाचची एक, सहाच्या पाच. वळवून किंवा आरशात बघितल्यासारखी उलटून तीच येत असेल तर ती वेगळी धरायची नाही. दहाच्या पंचवीस, अकराच्या सेहेचाळीस. बाराच्या यादीची शेवटची पडताळणी बाकी होती आणि डोळा साथ देत नव्हता. ते भिंग लावून एकेक आकृती वाचायचे, मी ती फ्रेमवर रोवायची आणि स्थिर आहे की नाही ते सांगायची, असं आमचं ठरलं. ब्रेलचा कागद बाजूलाच राहिला. लोखंडे बाईंना मी ते सांगितलं नाही.

दिवसाला चार-पाच आकृत्या व्हायच्या. त्यांचा आवाज या कामात बदलायचा. "तिसरी ओळ, दुसरं आणि पाचवं," ते म्हणायचे, आणि मी "हं" म्हटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. एकदा मी एका आकृतीला अस्थिर म्हटलं. त्यांनी भिंगानं पुन्हा पाहिलं, तर वाचताना त्यांचीच ओळ चुकली होती. "तुझ्या बोटाला घाई नाही," असं म्हणाले. त्या काळात मला कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती.

दसऱ्याच्या आधी एकदा कमलिनीबाई एकट्याच आल्या. माझ्या खोलीचं दार त्यांनी मागून लावून घेतलं.

"तुझ्याशी बोलायचं होतं, वत्सला. त्यांना ठाऊक नाही मी आलेली."

"बसा ना, काकू."

त्या बसल्या नाहीत. "ते घरी सगळं आवरून राहिलेत. पुस्तकं वाटून टाकली. कागदपत्रं कुठं आहेत ते मला तीन-तीनदा सांगितलं. गॅसचा नंबर कसा लावायचा, वीज मंडळात कुणाला भेटायचं, सगळं. मुलीला पुण्याला लांबलचक पत्र लिहिलं. मी म्हटलं, हे काय चाललंय? तर म्हणाले, वही तेवढी झाली की झालं." त्यांच्या बांगड्या टेबलाच्या कडेला लागल्या. "काय झालं, ते नाही म्हणाले. आणि मला विचारायची हिंमत झाली नाही."

मी फ्रेमवरचे खिळे काढून गोळा करायला लागले.

"किती राहिलंय वहीचं?"

"दिवाळीपर्यंत होईल, काकू."

"तेवढं होऊ देऊ नको," त्या म्हणाल्या. "कसंही कर. मला गणितातलं काही कळत नाही. पण ते तुझं ऐकतात."

मी एकोणीस वर्षांची होते. हे मोठ्या कुणाला सांगावं, असं आज वाटतं. तेव्हा सुचलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्या बाईचा विश्वास मोडला असता. मी फक्त हळू झाले. एकेक आकृती दोनदा तपासायला लागले. डोकं दुखतं म्हणून दोन दिवस बुडवले. तरी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची आकृती आलीच.

"स्थिर," मी म्हटलं. दुसरं काही म्हणताच आलं नाही. ती स्थिर होतीच.

"एकशे वीस," सर म्हणाले. वही मिटल्याचा आवाज झाला. मग त्यांनी पेनचं टोपण लावलं. "संपलं, वत्सला. तुझे उपकार आहेत."

सर 'उपकार' हा शब्द वापरणारे नव्हते.

"एक राहिलीय, सर."

"काय?"

"बाराचीच. मागच्या आठवड्यात मी एकटी खेळत होते तेव्हा मला एक मिळाली. दोनदा तपासली. स्थिर होती. मला वाटलं तुमच्या यादीत पुढे येईल. आली नाही."

"रोव."

"आठवत नाही. मुलींनी गणिताच्या तासाला फ्रेम नेली, खिळे काढून टाकले."

"तुला आठवत नाही?" ते सावकाश म्हणाले. "काल सांगितलेल्या चार आकृत्या तू मला आज क्रमानं म्हणून दाखवतेस."

"लांबट होती," मी म्हटलं. "एका टोकाला बाक होता. दुसरं टोक नाही आठवत."

बाहेर बाकावर कमलिनीबाई होत्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"यादी पूर्ण नाही म्हणजे," सर शेवटी म्हणाले.

"नाही, सर."

दिवाळीनंतर ते आले ते चिडलेले. त्यांनी सगळा हिशेब पुन्हा मांडायला घेतला होता. पण नोव्हेंबर संपता संपता डावा डोळाही गेला. भिंग लावून उपयोग होईना. ती वही त्यांच्यासाठी आता नुसते कोरे कागद झाली होती. मला वाटलं, आता ते सोडून देतील, आणि त्या विचारानं मी तीन दिवस जेवले नाही.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "ब्रेल किती दिवसांत येतं?"

"लोकांना सहा महिने लागतात."

"मला दीड महिन्यात यायला हवं. मला यादी माझ्या बोटाखाली पाहिजे."

दीड महिन्यात त्यांना ब्रेल आलं. मी अनेकांना शिकवलं आहे, पण तशा हट्टानं शिकलेला माणूस पुन्हा पाहिला नाही. घरी कमलिनीबाई वहीतल्या ओळी वाचून दाखवायच्या आणि ते ब्रेलच्या पाटीवर सुईनं ठिपके पाडायचे. चुकलं की त्या हसायच्या, असं त्यांनीच मला सांगितलं. बोटांच्या टोकांना घट्टे पडले. ते शाळेतून एक फ्रेम उसनी घेऊन गेले.

आणि मी रोज खोटं बोलत होते. ते विचारायचे, "बाक आतल्या बाजूला होता की बाहेरच्या?" मी काहीतरी ठोकून द्यायची, आणि ते त्यावर आठ-आठ दिवस घालवायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी ते आले आणि बसायच्या आधीच फ्रेम माझ्यासमोर ठेवली.

"बघ."

मी बोट ठेवलं. बारा खिळे. ती आकृती मी आयुष्यात कधी हाताळलेली नव्हती. एकेका खिळ्याचे शेजारी मोजले. मग भोवतालची रिकामी घरं. कुठंच तीन नव्हते. मी उलट्या बाजूनं पुन्हा सुरुवात केली. सर अजून उभेच होते.

"स्थिर आहे," मी म्हटलं.

"सत्त्याहत्तर साली मी ती काढली होती आणि खोडली होती. अठ्ठ्याऐंशी नंबरच्या आकृतीची आरशातली छबी आहे असं समजून. नजर टाकली, सारखी वाटली, मारली काट. काल कमलिनीकडून खोडलेल्याही वाचून घेतल्या, दोन्ही बोटाखाली घेतल्या. नाहीत सारख्या. एक खिळा वेगळ्या जागी आहे." ते खुर्चीवर बसले. त्यांचा श्वास लागला होता. "एकशे एकवीस. हीच ना तुझी?"

मी बोट पुन्हा आकृतीच्या टोकाशी नेलं.

"मी उद्या तुझा अर्ज परत पाठवणाऱ्या प्राचार्यांकडे जाणार आहे," ते म्हणाले. "त्यांना ही दाखवतो. जी आकृती दहा वर्षं डोळ्यांना सापडली नाही ती या मुलीनं बोटानं शोधली, असं सांगतो. मग बघू तुला गणित कसं नाकारतात ते. मासिकालाही तुझ्याच नावानं लिहितो."

माझं बोट त्या आकृतीच्या टोकावर होतं. 'हो' म्हटलं असतं तर सगळंच मिळालं असतं. त्यांचं काही बिघडणार नव्हतं, माझं तर घडणारच होतं. आणि 'नाही' म्हटलं तर ते घरी जाऊन काय करतील, याची मला खात्री नव्हती. आजही मला नीट सांगता येत नाही, मी का बोलले ते. एवढंच आठवतं की ते खिळे त्यांच्या हातात बराच वेळ राहिले असावेत, शिसं गरम लागत होतं.

"माझी नाही, सर. मला कधीच काही सापडलं नव्हतं. मी खोटं बोलले."

शेजारच्या वर्गात मुली सातचा पाढा म्हणत होत्या. तो संपला. आठचा सुरू झाला.

"साडेतीन महिने," सर म्हणाले.

"हो."

"बाक, टोक, सगळं?"

"सगळं."

"का?"

काकूंचं नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

"कमलिनी आली होती तुझ्याकडे?"

माझं गप्प राहणं त्यांना पुरलं. ते उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले.

"तू केलंस ते बरं केलंस, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "माझ्याशी हिशेबात कुणी खोटं बोललेलं मला चालत नाही."

बाकावरून काकू उठल्या. रिक्षा गेली.

त्यानंतर ते आले नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. लोखंडे बाईंनी विचारलं, मी म्हटलं, त्यांना ब्रेल आलंय आता. फाटकाची कडी वाजली की मी उठून व्हरांड्यात यायची, कुणी निरोप घेऊन आलं असेल म्हणून. त्यांच्या घरी जाऊन चौकशी करायचं धैर्य झालं नाही. मी शाळेच्या देवघरात बसून राहायची, पण काय मागावं ते ठरत नव्हतं. खरं बोलून मी माणूस मारला की काय, एवढंच डोक्यात यायचं.

एकविसाव्या दिवशी सकाळी व्हरांड्यात काठीची टकटक ऐकू आली. शिकाऊ हाताची होती. एकदा खांबाला आपटली, थांबली, पुन्हा निघाली. सोबत कुणाच्या बांगड्या वाजत नव्हत्या.

"नाक्यापासून चालत आलोय," सर म्हणाले. "दोनदा गटारात पाय गेला."

मी त्यांची खुर्ची पुढे ओढली.

"बाराच्या यादीत एक चूक निघाली. म्हणजे अकराच्या यादीवर तरी मी का विश्वास ठेवावा? तीही डोळ्यांनीच केलेली आहे. पुन्हा पहिल्यापासून काढायची." त्यांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. त्यांनी वाकून, चाचपत शोधली आणि परत टेकवली. "आणि काल प्राचार्यांकडे जाऊन आलो."

"काय सांगितलंत?"

"जे खरं आहे तेवढंच. या मुलीनं एकशे वीस आकृत्या बोटांनी तपासल्या आणि एकही चूक केली नाही. माझी एक चूक मात्र पकडली. त्यांना पटेना. मी म्हटलं, मुलीला बोलवा, समोर बसवा, तुम्ही आकृती सांगा. सोमवारी अकरा वाजता बोलावलंय."

सोमवारी मी गेले. प्राचार्यांनी नऊ आकृत्या सांगितल्या. त्यांतल्या दोन मुद्दाम बिघडवलेल्या होत्या. मी दोन्ही ओळखल्या. जूनमध्ये मला प्रवेश मिळाला. पुढे मी गणितच शिकवलं, एकतीस वर्षं.

सर आमच्या शाळेत सोळा वर्षं विनावेतन गणित शिकवत राहिले. अकराची यादी बरोबर निघाली. त्यांनी तेराची काढायला घेतली आणि ती अर्धीच राहिली. बाराच्या आकृत्या एकशे एकवीसच आहेत, हे संगणकानं केव्हाच मोजलेलं होतं. मला ते फार उशिरा, एका विद्यार्थिनीनं वाचून दाखवल्यावर कळलं. तेव्हा सर हयात नव्हते.

ते वारले, त्यांच्या तेराव्यानंतर मी कमलिनीबाईंजवळ बसले होते. पाहुणे जाऊन घर रिकामं झालं होतं. इतक्या वर्षांत मी सरांना खरं सांगितलं त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, "काकू, तुमच्यावर रागावले का हो ते, त्या दिवशी?"

"नाही गं," त्या म्हणाल्या. "रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी आले ते चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात आले. मला म्हणाले, तू किती दिवस भिऊन राहिली होतीस? मी म्हटलं, पुस्तकं वाटलीत त्या दिवसापासून. तर खाली बसले. म्हणाले, माझ्या ध्यानातच नाही आलं, मी आपला माझीच मोजणी करत राहिलो."

"मग?"

"मग मी विचारलं एकदाचं. म्हटलं, खरंच होतं का तुमच्या मनात तसं काही? 'होतं' म्हणाले. लपवलं नाही. मी परातीत कणीक घेऊन बसले होते. हात चालेनात माझे. त्यांनी चाचपत परात ओढून घेतली आणि म्हणाले, पाणी किती घालायचं ते सांग. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती आमच्या. कणीक कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं त्यांना. इतकी सैल झाली की पोळ्या लाटताच येईनात. थालीपीठासारख्या थापल्या, आणि तशाच खाल्ल्या आम्ही दोघांनी."